मुलांची सहल, मुलांचे क्लास: मुंबईतल्या घराचा हिशोब

मुंबईतल्या आणि आसपासच्या मध्यमवर्गीय घरांत महिनाअखेरीला दोन प्रश्न हमखास निघतात. रविवारी नुसतं फिरून आलो, तर एवढे पैसे गेले कुठे? आणि मुलांच्या क्लाससाठी जेवढे धरले होते, त्याहून इतके जास्त कसे लागले? दोन्हीचं कारण एकच आहे. आपण पाटीवर लिहिलेली रक्कम धरून चालतो. ती कधी दारावरच्या तिकिटाची असते, कधी क्लासच्या पत्रकावरची महिन्याची फी असते. खरा खर्च मात्र त्या रकमेच्या मागेपुढे होत असतो, आणि तो कोणी आधी मांडलेला नसतो.

डोंबिवली, मुलुंड, बोरिवली, वाशी अशा ठिकाणचं, दोन शाळकरी मुलांचं घर डोळ्यांपुढे ठेवून हा हिशोब मांडला आहे. दर बदलत राहतात, त्यामुळे निघण्याआधी ताजे दर पाहून घ्यावेत. ‘समजा’ म्हणून दिलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपापले घालावेत.

तिकीट शंभराचं, दिवस अडीच हजारांचा

भायखळ्याची राणीची बाग 1862 साली सुरू झाली. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं आजचं अधिकृत नाव. 2017 मध्ये पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाले आणि तिकिटाचे दर वाढले, तेव्हा बरीच ओरड झाली होती. त्या दरांप्रमाणे मोठ्यांना 50 रुपये, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 25, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांना मिळून 100 रुपये. चौघांचा अर्धा दिवस शंभर रुपयांत, हे मुंबईत आजही स्वस्तच म्हणायला हवं.

आता समजा, हे चौघे अकरा वाजता घरातून निघाले. बागेत पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले, पेंग्विनच्या रांगेतून बाहेर येईतो दोन. मुलं भुकेली, ऊन डोक्यावर, मग समोर दिसेल त्या हॉटेलात शिरायचं. जेवणाचे झाले बाराशे. आइस्क्रीम, गार पाण्याच्या बाटल्या आणि दाराबाहेर घेतलेली साबणाचे फुगे उडवायची बंदूक, मिळून तीनशे. तोवर धाकटं पेंगुळलेलं, स्टेशनपर्यंत चालायला तयार नाही, म्हणून ॲपवरून गाडी बोलावली: आणखी हजार. शंभराच्या तिकिटाचा दिवस अडीच हजारांच्या पुढे गेला, आणि यातला जवळजवळ प्रत्येक रुपया दुपारी दोन ते चार या वेळात गेला.

तेच कुटुंब घरून भरपेट पोहे-उपमा खाऊन आठला निघालं आणि साडेनऊला दार उघडताना तिथे हजर असलं, तर रांग लहान असते, प्राणीही जागे असतात आणि बाराच्या आत बाग पाहून होते. दुपारच्या मोकळ्या गाडीने अडीचपर्यंत जेवायला घरी. यात कुठेही काटकसर केलेली नाही, मुलांना काही नाकारलेलं नाही. फक्त घड्याळ पुढे सरकवलं. माझं ठाम मत असं की सहलीचा हिशोब आधी वेळेचा मांडावा, पैशांचा नंतर.

काही ठिकाणी तिकिटाच्या आजूबाजूचा खर्च टाळताच येत नाही. घारापुरीची लेणी हे त्याचं ठळक उदाहरण. भारतीय पुरातत्त्व विभागाचं तिकीट मोठ्यांना 40 रुपये, आणि 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. पण गेटवेहून तिथे जायला तासाभराचा लाँचचा प्रवास, आणि लाँचचं भाडं लेण्यांच्या तिकिटाच्या कितीतरी पट. ‘लेणी मुलांना फुकट आहेत’ एवढंच डोक्यात ठेवून निघालेल्यांचा अंदाज गेटवेवरच चुकतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीचं तसंच: लेण्यांचं तिकीट वेगळं, उद्यानाचं वेगळं, आणि आतल्या प्रवासाचे पैसे वेगळे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही प्रवेशाशिवाय आतल्या काही खेळांना स्वतंत्र तिकीट पडतं. कोणते खेळ पाहायचे हे खिडकीवर मुलांच्या आग्रहाखाली ठरवण्यापेक्षा घरीच ठरवलेलं बरं.

सुट्टीत आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणाऱ्यांनी बंद वार लक्षात ठेवावेत. राणीची बाग बुधवारी बंद. घारापुरी, कान्हेरी आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी. बंद दारावरून परत फिरलेलं कुटुंब नेहमी जवळच्या मॉलमध्ये जातं, आणि तो दिवस सगळ्यांत महाग ठरतो.

पास, अर्धं तिकीट, मेगाब्लॉक

लोकलसारखं स्वस्त वाहन आपल्या दाराशी आहे आणि सहलीच्या दिवशी नेमकं तेच आपण विसरतो. रोज नोकरीला जाणाऱ्या आईवडिलांकडे महिन्याचा पास असतोच. तो रविवारीही चालतो. डोंबिवली ते सीएसएमटी असा पास असेल तर भायखळ्याला जायला त्यांना एक पैसा पडत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं. म्हणजे अख्ख्या कुटुंबाचा प्रवास दोन अर्ध्या तिकिटांत होतो. सहलीचं ठिकाण निवडताना ‘आपला पास कुठवर चालतो’ हा पहिला प्रश्न विचारला, तरी हिशोबाचा मोठा भाग सुटतो.

अडचण असते ती रविवारच्या मेगाब्लॉकची. मध्य रेल्वेच्या मुख्य आणि हार्बर मार्गांवर किंवा पश्चिम रेल्वेवर दिवसा काही तास ब्लॉक घेतला जातो, जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही रद्द होतात आणि उरलेल्यांत पाय ठेवायला जागा राहत नाही. लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत शिरवत नाही, मग टॅक्सी. ब्लॉकची वेळ आधी जाहीर होते. शनिवारी संध्याकाळी ती पाहून घेतली की झालं. ब्लॉक सुरू होण्याआधी जायचं आणि संपल्यावर परतायचं, नाहीतर त्या रविवारी दुसऱ्या मार्गावरचं ठिकाण निवडायचं.

स्टेशनपासून पुढे बेस्ट. मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला 10 आणि वातानुकूलित बसला 12 रुपये झालं. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये. चौघांना जवळच जायचं असेल तर बस आणि टॅक्सी यांत फारसा फरक उरत नाही, हेही ध्यानात ठेवावं. अशा वेळी टॅक्सी करावी, मुलांचे पाय वाचवावेत.

डबा आणि पाणी

डबा नेणं म्हणजे गरिबी दाखवणं, असा एक संकोच अलीकडे शिरला आहे. तो मनातून काढावा. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, केळी, उकडलेली अंडी हे सांडत नाही, लवकर विटत नाही आणि मुलं खातात. प्रत्येकाची पाण्याची बाटली भरलेली असावी. बाहेर एक गोष्ट आवर्जून खावी, आणि कोणती ते आधी ठरवावं. गिरगाव चौपाटीला गेलो तर भेळ, दादरला गेलो तर पियूष. ठरवलेली एक गोष्ट मुलं वाट पाहून, चवीने खातात. भुकेपोटी घेतलेल्या चार गोष्टी अर्ध्या टाकून देतात.

अर्थात काही ठिकाणी खाणं आत नेता येत नाही, आणि मल्टिप्लेक्स हे त्यांतलं मोठं ठिकाण. बाहेरचे पदार्थ रोखण्याचा सिनेमागृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मान्य केला. त्याच निकालात पिण्याचं पाणी मोफत मिळालं पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांना गरजेपुरतं खाणं नेता आलं पाहिजे, हेही नोंदलेलं आहे. ते पाणी मागून घ्यावं. तिकीट ऑनलाइन काढलं की प्रत्येक तिकिटामागे सेवाशुल्क लागतं, चार तिकिटांना चार वेळा. घराजवळचं सिनेमागृह असेल तर खिडकीवर जाऊन तिकीट काढण्याने तेवढे वाचतात. 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या तिकिटावर 18 टक्के. त्यामुळे सकाळचा स्वस्त खेळ दोन्हीकडून परवडतो.

सिनेमाच्या पैशांत मुलांना नाटक दाखवावं असं मला मनापासून वाटतं. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं, पुढे रत्नाकर मतकरींनी बालनाट्य चळवळच उभी केली, आणि त्यांचं ‘अलबत्या गलबत्या’ नव्या संचात येऊन आजच्या मुलांनीही डोक्यावर घेतलं. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, कालिदास, सावित्रीबाई फुले अशा नाट्यगृहांत बालनाट्यांचे प्रयोग लागतात. बाल्कनीचं तिकीट कमी असतं आणि मुलांना वरूनही छान दिसतं. मध्यंतरातला बटाटावडा हा ठरलेला एक खाऊ. ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण प्रेक्षकांत उतरली की सगळं नाट्यगृह किंचाळतं, आणि घरी आल्यावर आठवडाभर चादरीचा पडदा करून तेच नाटक चालतं. पैशांचा एवढा मोबदला मॉलमधल्या खेळांच्या कार्डात मिळत नाही.

तिकीट नसलेली मुंबई

शीव स्टेशनवरून चालत जाऊन शीवचा किल्ला पाहता येतो. सतराव्या शतकातला आहे, लहान आहे, मुलांना तासाभरात वर चढून उतरता येतं. तिथून जवळच धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, तिथे मात्र थोडं प्रवेश शुल्क लागतं. पूर्वीच्या कचऱ्याच्या डेपोवर झाडं लावून वाढवलेलं हे उद्यान 1994 पासून लोकांसाठी खुलं आहे. शाळेत ‘पर्यावरण’ शिकणाऱ्या मुलाला कचऱ्याच्या जागी उभं राहिलेलं जंगल दाखवण्यासारखा धडा नाही. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, वांद्र्याचा किल्ला, गणपतीत लालबाग-परळचे देखावे, दिवाळीत गल्लोगल्लीचे मातीचे किल्ले, याचे पैसे कोणी घेत नाही. महिन्याच्या चार रविवारांपैकी दोन असे ठेवले की उरलेल्या दोनांना हात सैल सोडता येतो.

क्लासची फी वर्षाची मोजा

सहलीत एका दिवसाची चूक होते. क्लासमध्ये ती वर्षभर चालू राहते, म्हणून इथे थोडं सविस्तर.

समजा, कराटेच्या क्लासची महिन्याची फी 1,500 रुपये आहे. घरात चर्चा होते ती या पंधराशेची. वर्षाचे झाले 18,000. आता बाकीचं धरू. अकादमी जीएसटी लावत असेल तर 18 टक्के, म्हणजे 3,240. प्रवेश शुल्क 1,000. गणवेश आणि हातमोजे वगैरे 2,500. वर्षातून दोन पट्ट्यांच्या परीक्षा, हजार-हजार धरले तर 2,000. एक स्पर्धा, तिचं शुल्क आणि जाणं-येणं 2,000. आठवड्यातून दोनदा रिक्षाने जाणं-येणं. किमान भाडं 26 रुपये धरलं तरी महिन्याचे 416, वर्षाचे 4,992. बेरीज 33,732. घरात बोललेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

अजून एक पायरी पुढे जावं. वर्षाचे 96 तास ठरलेले असले, तरी परीक्षा, आजारपण, गणपतीत गावी जाणं, पावसात तुंबलेलं पाणी यांत वीस-पंचवीस जातात. मूल 70 वेळा गेलं, तर एका वेळेचा खर्च पडला 482 रुपये. पत्रकावरून तो 187 वाटत होता. हा आकडा वहीत लिहून मगच ‘परवडतं का’ हा प्रश्न विचारावा. कधी कधी उत्तर ‘हो, परवडतं’ असंच येईल. पण ते समजून उमजून आलेलं असेल.

जीएसटीचा मुद्दा आधी विचारून घ्यावा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेच्या खेळांच्या प्रशिक्षणावर, आणि एखाद्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे व्यक्तिशः शिकलेल्या गाणं, नृत्य, चित्रकलेवर तो लागत नाही. नोंदणी असलेली खासगी अकादमी मात्र लावते. ‘फी सर्व धरून किती?’ एवढं विचारलं की पुरतं.

कलांच्या बाबतीत पुढचा रस्ताही विचारावा. गाणं-नृत्याच्या परीक्षांचं शुल्क, साथीदारांचे पैसे, वेशभूषेचं भाडं. भरतनाट्यम पुढेपर्यंत नेलं तर अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर एकल कार्यक्रम, येतो, आणि सभागृह, वादक, दागिने, जेवण मिळून त्याचा खर्च एखाद्या लहान लग्नाइतका जाऊ शकतो. आठव्या वर्षी क्लासला घालताना हे कोणी सांगत नाही. बाईंना पहिल्याच भेटीत विचारावं. चांगल्या बाई मोकळेपणाने सांगतात, आणि साधेपणाने करणाऱ्याही पुष्कळ आहेत. दुसऱ्या बाजूला, इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीचे आणि शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण राज्य मंडळाच्या दहावीला मिळतात, म्हणून अनेक घरं हा खर्च करतात. गुणांसाठी करायचं असेल तर ते स्वतःशी स्पष्ट असावं, मुलाच्या आवडीचं नाव त्याला देऊ नये.

जुन्या संस्थांकडे आधी वळावं. शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून मुलांना मल्लखांबावर चढवतं आहे. महापालिकेचे जलतरण तलाव आहेत, आणि उन्हाळ्यात तिथे 21 दिवसांची पोहण्याची शिबिरं होतात. नोंदणी सुरू होते तेव्हा लगेच करावी लागते, कारण जागा भराभर संपतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. वाचनालयाची वर्षाची वर्गणी हा मुलांवर होणारा सगळ्यांत स्वस्त खर्च, आणि मुलांच्या खर्चाच्या यादीतून तोच आधी गळतो याचं वाईट वाटतं.

किती क्लास, किती दिवस

एका मुलाला एका वेळी दोन क्लास पुरेत: एक अंग मोडून खेळायचा, एक त्याने स्वतः निवडलेला. तिसरा घालायचा तर आधीच्यातला एक सोडायचा. पैशाइतकाच इथे मुलाचा जीव मोलाचा आहे. शाळा, शिकवणी आणि तीन क्लास करून आठ वाजता जेवतानाच झोपणारी मुलं आपल्या सोसायट्यांत दिसतातच.

पहिले तीन महिने कोणताही क्लास हा चाचणीचा धरावा. वर्षाची फी एकदम भरली तर सूट देतो असं सांगतात. ती घेऊ नये. सहाव्या आठवड्यात मुलाने ‘मला नाही जायचं’ म्हटलं तर सवलतीचे दोन हजार वाचवायला दहा हजार अडकलेले असतात. फी परत मिळते का, कधीपर्यंत, हे पावतीवर किंवा मेसेजवर लिहून घ्यावं. साहित्य पहिल्या तिमाहीत उसनं किंवा वापरलेलं घ्यावं. स्केट्स, बॅट, कीबोर्ड, हार्मोनियम अशा वस्तू पुष्कळ घरांच्या माळ्यावर पडून आहेत, आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकदा विचारलं की निघतात.

दुसऱ्यांचे वाढदिवस

हा खर्च कोणी धरत नाही. वर्गातल्या आणि इमारतीतल्या मुलांचे वाढदिवस वर्षभर येत राहतात आणि प्रत्येक वेळी आयत्या वेळी दुकानात पळापळ होते. घराने एक रक्कम ठरवावी, समजा दोनशे, आणि मुलांची पुस्तकं एकदम आणून कपाटात ठेवावीत. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट द्यायचंच असेल, तर कुंडीतलं रोप किंवा एक पुस्तक. प्लॅस्टिकच्या वस्तूंची पिशवी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते.

मुलांच्या हातात पैसे

घारापुरीला धक्क्यावरून लेण्यांकडे जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानंच दुकानं: शंखांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, दुर्बिणी. चढताना प्रत्येक दुकानापाशी ‘हे घे ना’ चालू असतं, आणि नाही म्हणून आईवडील लेण्यांत पोहोचण्याआधीच थकतात. घरून निघतानाच प्रत्येक मुलाच्या हातात शंभराची नोट द्यावी आणि सांगावं, ही तुझी, खर्च कर नाहीतर परत ने, पण आणखी मिळणार नाही. मग चढताना मूल फक्त भाव विचारतं, आणि उतरताना घेतं. घासाघीस करायला शिकतं. बरीच मुलं तीस-चाळीस रुपये परत घेऊन येतात आणि ते डब्यात टाकतात. आईवडिलांनी दिलेला शब्द मोडला नाही तरच हे चालतं. नोट संपल्यावर रडणाऱ्याला दुसरी काढून दिली की पुढच्या सहलीला नोटेचा काही उपयोग उरत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

महिन्याचं बजेट इथे फसतं, कारण हा खर्च महिन्याच्या मापाने येत नाही. जूनमध्ये वह्या, गणवेश, रेनकोट. त्याच वेळी क्लासचे नवे प्रवेश. गणपतीत कोकणात जाणं. मग दिवाळी. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या पोशाखांचं भाडं आणि शाळेची सहल. एप्रिल-मेमध्ये शिबिरं, मामाचं गाव आणि रिकाम्या दुपारी.

म्हणून वर्षाची एकच रक्कम ठरवावी. समजा, दोन मुलांचे क्लास, सहली आणि वाढदिवस मिळून 84,000. महिन्याला 7,000 वेगळ्या खात्यात टाकायचे आणि मुलांचा हा सगळा खर्च त्याच खात्यातून करायचा. जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे बाहेर जाणं कमी होतं, तेव्हा शिल्लक साठते. ती दिवाळीच्या सुट्टीत कामी येते. सुट्टीतल्या शिबिरांसाठी मात्र वेगळी सोय असावी. मेमध्ये सुरू केलेली बारा महिन्यांची आवर्ती ठेव पुढच्या मेमध्ये हातात येते. शिबिरांची नोंदणी मार्च-एप्रिलमध्येच होत असेल, तर ठेव दोन महिने आधी, मार्चमध्ये सुरू करावी.